कॉड, अटलांटिक

(गॅडस मोर्हुआ). उत्तर अटलांटिकच्या थंड पाण्यातला, गॅडिडी कुलातील खाद्यमासा. पाठीवर ३ व पोटाकडे २ पर, हनुवटीखाली एक मिशी आणि कुशीवरून जाणारी फिकट रेघ या त्याच्या खुणा. मांस पांढरे व जवळजवळ बिनचरबीचे. चरबी साठते ती यकृतात. कॉडचे तेल, सुकवण आणि स्वयंपाक यांचे मर्म या एका गोष्टीत आहे.

प्रौढ कॉड दर हिवाळ्यात बॅरेंट्स समुद्रातून नॉर्वेच्या लोफोटेन बेटांकडे अंडी घालायला येतो. जानेवारी ते एप्रिल हा तिथला हंगाम. जाळी आणि ओळीने गळ लावलेले लांब दोर वापरतातच. पण हातगळाची पद्धत आजही टिकून आहे. धातूचे जड, चकचकीत आमिष खोल सोडायचे, जरा वर उचलायचे आणि दोर खालीवर हलवत राहायचे. मासा नावेत येताच गळ्याशी कापून त्याचे रक्त वाहू देतात. यात हयगय केली तर मांस डागाळते आणि पुढे कितीही चांगले शिजवले तरी चव सुधारत नाही.

शिजवताना घाई करू नये. चरबी नसल्याने जास्त आचेवर तुकडी कोरडी पडते. खारट पाण्याला उकळी आणून आच काढावी, मग तुकड्या सोडाव्यात. मांसाचे पापुद्रे सहज सुटू लागले की मासा झाला. या माशात ॲनिसाकिस जातीचे जंत आढळतात, म्हणून तो आतपर्यंत शिजलेला हवा. लोफोटेनकडे तुकडीसोबत शिजवलेले यकृत, गाभोळी आणि उकडलेले बटाटे वाढतात. या पदार्थाचे नाव मोल्ये. ताज्या कॉडचा याहून चांगला उपयोग नाही. कोरड्या तुकडीला यकृताची चरबी ताटात परत मिळते.

लोफोटेनात डोके काढलेले मासे शेपटीशी जोडीने बांधून, मीठ न लावता, लाकडी मांडवांवर टांगतात; आपल्याकडे वलांडीवर बोंबील वाळतात तसे, फक्त उन्हाऐवजी गोठणबिंदूच्या आसपासच्या वाऱ्यात. चरबी नसल्याने मांस खवट होत नाही. व्हेनिसचा व्यापारी पिएत्रो क्वेरिनी १४३२ साली जहाज बुडाल्यावर रोस्त बेटाजवळ वाचला आणि त्याने या सुक्या माशाचे वर्णन लिहून ठेवले. इटली आजही त्याचे मोठे गिऱ्हाईक आहे. मीठ लावून वाळवलेला कॉड पोर्तुगीजांचा. त्यांच्यामार्फत तो गोव्याच्या ख्रिस्ती घरांतही पोचला.

कॅनडाच्या न्यूफाउंडलंड किनाऱ्यावर यांत्रिक ट्रॉलरांनी कॉड बेसुमार उपसला. २ जुलै १९९२ रोजी तिथे मासेमारीबंदी आली आणि सुमारे ३०,००० लोकांचा रोजगार गेला. व्यापारी मासेमारीवरील ही बंदी २०२४ मध्ये उठली, तीही मर्यादित कोट्यासह. साठा मात्र पूर्वीइतका झालेला नव्हता.