शरणपूर रोडचं ‘शरणपूर’ नेमकं कुठलं? नाशिकच्या छोट्या ख्रिस्ती वस्तीची आफ्रिकेपर्यंत गेलेली गोष्ट

धुळे-जळगावकडचा माणूस दवाखान्याच्या नाहीतर कचेरीच्या कामाला नाशिकला गेला, की शरणपूर रोडवर त्याची एखादी फेरी होतेच. आज तिथं दुकानं आणि गाड्यांची गर्दी आहे. पण शरणपूर हे मुळात एका वसवलेल्या गावाचं नाव. आसऱ्याला आलेल्यांचं गाव, म्हणून शरणपूर.

गाव का वसवलं?

इंग्लंडच्या चर्च मिशनरी सोसायटीने १८३० च्या दशकात नाशिकला काम सुरू केले. पुढे मालेगावातही तिचे केंद्र होते. नाशिक तेव्हा स्वतंत्र जिल्हा नव्हता. तो १८६९ मध्ये झाला आणि मालेगाव, नांदगाव, बागलाण हा भाग खानदेशातून काढून त्याला जोडला.

त्या काळी कुणी ख्रिस्ती झाला की भाऊबंद त्याला वाळीत टाकत. घर तुटायचं, पाणवठा बंद, कामधंदाही बंद. मग पोट कशावर भरायचं? म्हणून रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस यांनी १८५० च्या दशकात शहराबाहेर ही वस्ती उभी केली. प्रार्थनेची जागा, शाळा, अनाथ मुलांची सोय, आणि सुतारकी-लोहारकी शिकवणारे कारखाने असं सगळं एका ठिकाणी होतं.

आफ्रिकेची मुलं नाशिकला कशी?

आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून माणसं पकडून गुलाम म्हणून गलबतांतून विकायला नेत. इंग्रजांचं आरमार अशी गलबतं समुद्रात पकडायचं. सुटका झालेली बरीच मुलं मुंबईला उतरवली जात. आईबाप कुठे, गाव कोणतं, काही पत्ता नाही. अशा मुलांसाठीचा मुंबईचा आश्रम १८६० च्या सुमारास शरणपूरला आणला. तिथं ही मुलं लिहायला-वाचायला आणि हाताचा धंदा शिकली.

लिव्हिंग्स्टनसोबत

आफ्रिकेत फिरणारे प्रसिद्ध संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८६५ मध्ये मुंबई इलाख्यात आले. गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या सांगण्यावरून त्यांनी शरणपूरचे नऊ तरुण निवडले. १८६६ च्या जानेवारीत ते मुंबईहून जहाजाने निघाले. १८७२ मध्ये आणखी काही जण मदतीला गेले. त्यात जेकब वेनराइट आणि मॅथ्यू वेलिंग्टन होते.

१८७३ च्या मे महिन्यात लिव्हिंग्स्टन आजच्या झांबिया देशात वारले. सोबतच्या लोकांनी त्यांचं काळीज तिथंच झाडाखाली पुरलं. त्या वेळी प्रार्थना वाचली ती जेकबने. झाडावर नाव-तारीखही त्यानेच कोरली. मग सगळ्यांनी मीठ लावून वाळवलेला देह खांद्यावर घेतला आणि हजार मैलांहून जास्त पायी चालत किनाऱ्यावर आणला. १८ एप्रिल १८७४ ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये दफन झाले, तेव्हा शवपेटीला धरणाऱ्यांत नाशिकला शिकलेला जेकबही होता.

वस्ती रिकामी झाली

१८७३ मध्ये झांझिबारचा गुलामांचा बाजार बंद झाला. पुढे मोंबासाजवळ सुटका झालेल्यांसाठी ‘फ्रिअर टाउन’ वसलं. ते उभं करायला प्राइस स्वतः तिकडे गेले. शरणपूरचे बरेच आफ्रिकी लोकही मायदेशी परतले. तिकडे त्यांना ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणत. त्यांच्यापैकी विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर यांना १८८५ मध्ये चर्चची दीक्षा मिळाली. मॅथ्यू वेलिंग्टन १९३५ पर्यंत मोंबासात होते.

इकडे शरणपूरची वस्ती रोडावली, शहर वाढत तिच्यापर्यंत आलं. पण मंडळी मोडली नाही. सेंट अँड्र्यूज चर्च आजही तिथं आहे. १९७० मध्ये उत्तर भारतातल्या अनेक प्रोटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ झालं, त्यात हे चर्चही आलं.

आपल्याकडे काय करता येईल?

जेकबला लिहिता येत होतं, म्हणून त्या प्रवासाची नोंद राहिली. खानदेशातही गावोगावी लहान मंडळ्या आहेत. बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची जुनी रजिस्टरं हाच त्यांचा इतिहास. कागद वाळवीने खाण्याआधी प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. म्हाताऱ्या माणसांना विचारून, कोण कुठून आलं तेही लिहून ठेवा. नाहीतर मागे नुसतं रस्त्याचं नाव उरतं.