भिंतीत सरकणारे दार काढताना

नाशिकच्या जुन्या वाड्यांत मुख्य दरवाजाला आतून लाकडी अडसर असे. दार उघडताना तो भिंतीच्या जाडीतील पोकळीत सरकवला जाई. आजच्या सदनिकांत जागा वाचवण्यासाठी अख्खे दारच असे भिंतीत सरकते. ते अडकले की भिंत फोडण्याची घाई होते. ती टाळावी.

प्रथम त्या भिंतीवर तसबिरीसाठी नवा खिळा ठोकला आहे का, हे पाहावे. लांब खिळा पोकळीत शिरून दार अडवतो. पावसाळ्यात लाकूड फुगूनही दार घट्ट होते. अशा वेळी ते सुकेपर्यंत थांबावे.

दार काढायचेच असेल, तर चौकटीची एका बाजूची पट्टी आणि तळाशी दार डोलू नये म्हणून बसवलेला तुकडा सोडवावा. दार पूर्ण बाहेर ओढावे. वरच्या रुळावरील चाकांनी त्याचा भार पेललेला असतो. म्हणून एकाने दार तोलून धरावे व दुसऱ्याने चाकांचे नट किंवा खटके सोडवावेत. मग तळ आपल्याकडे ओढून दार तिरके काढावे.

दार गेले, तरी भिंत पोकळच राहते. तिच्यावर जड फडताळ टांगू नये.