सॉर्बिट्रेटची साक्ष ग्राह्य धरू नका

छातीत कळ आली, जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवली, थोड्या वेळात आराम पडला; तेव्हा दुखणं हृदयाचंच! भिलाईच्या कुरुदपासून नागपूरपर्यंत मराठी घरांत हा निष्कर्ष बिनविरोध मंजूर होतो. पूर्वपक्ष अगदीच पोकळ नाही. विल्यम मरेल यांनी 1879 मध्ये ‘लॅन्सेट’मधून सॉर्बिट्रेटच्याच वर्गातल्या नायट्रोग्लिसरिनचा हृदयशूळावरचा गुण मांडला, तो आजही खरा आहे. खोट औषधात नाही, अनुमानात आहे.

आग आहे म्हणून धूर असणारच, असं म्हणणाऱ्यापुढे नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे तर्कपंडित, तापलेला लोखंडी गोळा ठेवत: त्यात आग असते, धूर नसतो. छातीदुखीच्या अनुमानात त्या गोळ्याचं काम पित्ताशय करतं.

या वर्गातली औषधं शरीरात नायट्रिक ऑक्साइड पुरवतात. स्नायुपेशीत त्यामुळे सायक्लिक जीएमपी वाढतं आणि स्नायू सैलावतो. पण हा वायू हृदयाची रक्तवाहिनी ओळखून तिथेच थांबत नाही. पित्ताशयाची भिंत आणि पित्तनलिकेच्या तोंडाशी असलेला ओडीचा वर्तुळस्नायू त्याच जातीच्या स्नायूंचे. फेरिड मुराद, फर्चगॉट आणि इग्नारो यांना नायट्रिक ऑक्साइडबद्दल नोबेल मिळालं त्याच 1998 साली ‘गट’ या नियतकालिकात माणसांवरचा प्रयोग छापून आला: नायट्रोग्लिसरिननं उपाशीपोटी पित्ताशय फुगलं आणि जेवणानंतर ते नेहमीइतकं रिकामं झालं नाही. म्हणजे खड्यामुळे उठलेला पित्तशूळही याच गोळीनं ओसरू शकतो. अन्ननलिकेतला पेटकाही तसाच.

कुणी म्हणेल, अपवाद असतील, बहुतेकदा तरी अंदाज बरोबर येतो. तोही येत नाही. 2003 मध्ये अमेरिकेत छातीदुखीच्या 459 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांचं दुखणं खरोखर हृदयाच्या रक्तवाहिन्यांचं ठरलं, त्यांच्यापैकी 35 टक्क्यांना नायट्रोग्लिसरिननं आराम पडला. ज्यांचं तसं नव्हतं, त्यांच्यात 41 टक्क्यांना!

उलट अनुमान तर जिवावर बेतणारं आहे. आराम पडला नाही, म्हणजे ‘गॅस’ असेल, असं समजून घरी थांबू नका. डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी बसून घ्या आणि तडक रुग्णालय गाठा. हृदयाचा निवाडा ईसीजी आणि ट्रोपोनिनची रक्तचाचणी करतील. जड जेवणानंतर उजव्या बरगडीखाली उठून खांद्याकडे जाणारी कळ असेल, तर सोनोग्राफीही करून घ्या.