सिंथेसायझरचा खर्ज आणि रागसंगीत : चरणजित सिंग यांची ध्वनिमुद्रिका

हिंदी चित्रपटसंगीताच्या इतिहासलेखनात संगीतकार व गायक यांना मानाचे स्थान मिळाले. वाद्यवृंदातील वादकांचा, त्यातही खर्जाची बाजू सांभाळणाऱ्यांचा विचार क्वचितच झाला. प्रस्तुत निबंधात सिंथेसायझरवरील खर्जाचा मुंबईतील एक आरंभीचा प्रयोग तपासावयाचा आहे.

मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांत ही बाजू प्रथम डबल बासकडे व पुढे बास गिटारकडे होती. राहुलदेव बर्मन आदी संगीतकारांकडे वाजविणारे चरणजित सिंग स्वतः बास गिटारवादक होते. १९८२ मध्ये त्यांनी ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही दहा रागांची ध्वनिमुद्रिका एकट्याने मुद्रित केली. ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाने ती पुढील वर्षी प्रसिद्ध केली. तालासाठी रोलँड कंपनीचे टीआर-८०८, स्वरांसाठी ज्युपिटर-८ आणि खर्जासाठी टीबी-३०३ अशी तीन यंत्रे त्यांनी वापरली.

यांपैकी टीबी-३०३ हे १९८१ मध्ये, सरावाच्या वेळी बास गिटारवादकाची उणीव भरून काढण्यासाठी तयार झालेले यंत्र. त्याचा आवाज बास गिटारसारखा नसल्याने ते खपले नाही व १९८४ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. ज्याची जागा या यंत्राने घ्यावयाची, त्याच पेशातील माणसाने ते रागासाठी वापरावे, हा योगायोग मोठा बोलका आहे.

येथे खरा प्रश्न सांगीतिक आहे. पाश्चात्त्य धाटणीच्या नृत्यसंगीतात खर्ज बहुधा षड्ज-पंचमाच्या आधाराने स्वरसंवाद बांधतो. रागसंगीतात ते प्रयोजनच नाही. आधाराचे काम तानपुरा करतो. शिवाय या मुद्रिकेतील मालकंसात पंचम वर्ज्य, म्हणजे बास गिटारवादकाच्या बोटांची सवयच तेथे निषिद्ध ठरते. उपाय एकच : खर्जाची आवर्तनेही रागाच्याच स्वरांतून रचणे. यंत्रातील ‘स्लाइड’ची सोय एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत नेते, त्यामुळे मींडेचा भास होतो. भासच म्हणावा लागेल. कारण ही घसरण ठरावीक गतीची, आणि यंत्राचे बारा स्वर समान अंतरांवर बांधलेले. तोडीचा अतिकोमल गंधार त्यात सापडणे शक्य नाही. रागाचा सांगाडा हाती लागतो, श्रुती निसटतात.

२०१० मध्ये ही मुद्रिका नेदरलँड्समधून पुन्हा प्रसिद्ध झाली, तेव्हा शिकागोतील ‘फ्यूचर’ या गटाच्या ‘अॅसिड ट्रॅक्स’ (१९८७) या रचनेआधीच मुंबईत ‘अॅसिड हाउस’ जन्मले, असा गाजावाजा झाला. तो मला पटत नाही. मुंबईची मुद्रिका शिकागोपर्यंत पोहोचल्याचा पुरावा नाही. दोहोंमध्ये समान आहे ते बाजारात पडलेले एक यंत्र. सिंग यांचा संदर्भ मुंबईचाच होता : ‘कुर्बानी’ (१९८०) नंतरची डिस्कोची लाट आणि वाद्यवृंदात घडलेला एक वादक.

सिंग २०१५ मध्ये निवर्तले. आज वर्सोवा-अंधेरी परिसरातील छोट्या ध्वनिमुद्रणगृहांत खर्ज बहुतांशी संगणकावरच रचला जातो, आणि श्रेयनामावलीत त्यासाठी वेगळे नाव सहसा आढळत नाही.