सर्च, गडचिरोली

गडचिरोली जिल्ह्यात सामुदायिक आरोग्य, व्यसनमुक्ती व युवाशिक्षण या क्षेत्रांत काम करणारी स्वयंसेवी संस्था. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी ती १९८६ मध्ये स्थापन केली. मुख्यालय चातगावजवळील शोधग्राम येथे आहे. तेथील माँ दंतेश्वरी दवाखान्याची मांडणी गोंड वस्तीसारखी असून रुग्णाचे नातेवाईक सोबत राहू शकतात.

राणी बंग यांनी दोन गावांतील स्त्रियांची तपासणी केली, तेव्हा सुमारे ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळले. हा अभ्यास १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला (पहा : स्त्रीरोगविज्ञान). संस्थेचे सर्वांत मोलाचे काम मात्र नवजात बालकांसंबंधीचे. न्यूमोनिया ओळखण्यासाठी निरक्षर दाईच्या हाती वाळूचे घड्याळ व मणी असलेले लाकडी साधन दिले गेले : दहा श्वास मोजले की एक मणी सरकवायचा, वाळू संपण्यापूर्वी लाल मण्यापर्यंत पोचल्यास बाळाला न्यूमोनिया समजून औषध द्यायचे. पुढे गावातील प्रशिक्षित ‘आरोग्यदूत’ स्त्रिया घरोघरी नवजातांची काळजी घेऊ लागल्या. ३९ गावांतील या प्रयोगात नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटला (१९९९). २०११ पासून ही पद्धत ‘आशा’ कार्यकर्त्यांमार्फत देशभर राबवली जाते (पहा : बालमृत्यू).

किशोरवयीनांसाठी ‘तारुण्यभान’ ही लैंगिक शिक्षणाची शिबिरे, तर तरुणांसाठी ‘निर्माण’ (२००६) हा उपक्रम चालतो. गडचिरोलीत १९९३ पासून असलेल्या दारूबंदीमागे गावोगावच्या स्त्रियांच्या संघटनाबरोबरच संस्थेचाही वाटा आहे (पहा : दारूबंदी). दारू व तंबाखूविरोधी ‘मुक्तिपथ’ अभियान २०१६ पासून शासनाच्या सहभागाने जिल्हाभर सुरू आहे.