पाकट मासा आणि चित्रांची उतरंड

अठराव्या शतकातील फ्रान्समध्ये माणसांप्रमाणे चित्रांचीही उतरंड होती. तिच्या माथ्यावर इतिहासचित्र, म्हणजे बायबल, पुराणकथा आणि प्राचीन रोममधील प्रसंग. त्याखाली व्यक्तिचित्र, मग दैनंदिन जीवनाची दृश्ये, निसर्ग आणि प्राणी. तळाशी स्थिरचित्र : फळे, भांडी, मारलेली शिकार. आपल्याकडे इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेला जो विषय असतो, तोच हा!

ही उतरंड आंद्रे फेलिबियाँ या लेखकाने १६६०च्या दशकात शब्दबद्ध केली. त्याचे म्हणणे असे की, मनुष्य ही ईश्वराची सर्वांत परिपूर्ण निर्मिती आहे, म्हणून मनुष्य रंगवणारा श्रेष्ठ आणि निर्जीव वस्तू रंगवणारा कनिष्ठ. हा नुसता तात्त्विक वाद नव्हता. राजाश्रय लाभलेल्या चित्र-शिल्प अकादमीत प्राध्यापकपद केवळ इतिहासचित्रकारांना मिळे. चित्रकाराचा मान आणि मिळकत दोन्ही त्यावर ठरत.

२ नोव्हेंबर १६९९ रोजी पॅरिसमध्ये जन्मलेला ज्याँ-सिमेओं शार्दँ हा बिलियर्डची टेबले बनवणाऱ्या सुताराचा मुलगा. लॅटिन आणि अभिजात साहित्याचे शिक्षण त्याला मिळाले नाही. म्हणजे इतिहासचित्राचा दरवाजा बहुतांशी बंदच. पिएर-जाक काझ या चित्रकाराच्या हाताखाली तो गुरूच्या रेखाटनांच्या नकला करत राहिला.

त्याचा मित्र आणि चरित्रकार कोशँ याने एक आठवण नोंदवून ठेवली आहे. शार्दँसमोर एकदा मेलेला ससा आला. तो जसा दिसतो तसाच रंगवायचा, तर आजवर पाहिलेली सगळी चित्रे, अगदी इतरांची रंगवण्याची पद्धतसुद्धा विसरली पाहिजे, असे त्याने ठरवले. एकेक केस मोजत बसायचे नाही. थोडे दूर उभे राहून त्या फरचा एकंदर रंग, गोलाई आणि छाया पकडायची. पुढील पन्नास वर्षे त्याने साधारण हेच केले.

१७२८ साली पॅरिसच्या प्लास दोफीन या चौकात तरुण चित्रकारांचे उघड्यावरचे वार्षिक प्रदर्शन भरले. तेथे शार्दँने आकड्याला टांगलेला, पोट फाडलेला पाकट मासा मांडला. खाली कालवे, त्यांवर पाय रोवून पाठ फुगवलेली मांजर, कडेला सुरी आणि मडके. माशाच्या चेहऱ्यावर माणसासारखे काहीतरी विचित्र हास्य. अकादमीच्या काही सदस्यांनी ते पाहून त्याला अर्ज करण्यास सुचवले.

कोशँच्या सांगण्यानुसार शार्दँने आपली चित्रे अकादमीच्या दालनात नाव न सांगता ठेवली. वृद्ध चित्रकार लार्जिलिएर यांना ती एखाद्या निष्णात फ्लेमिश चित्रकाराची वाटली! २५ सप्टेंबर १७२८ रोजी त्याचा अर्ज आणि सदस्यत्व, दोन्ही एकाच दिवशी मंजूर झाले. ही गोष्ट विरळा. पण नोंद झाली ती प्राणी आणि फळे रंगवण्यात कुशल म्हणून. प्रवेश मिळाला, पायरी बदलली नाही.

ही पायरी मित्रही विसरू देत नसत. व्यक्तिचित्रकार आवेद याने एका चित्रासाठी देऊ केलेले ४०० लिव्र कमी म्हणून नाकारले. शार्दँ म्हणाला, रक्कम चांगली आहे, घे. त्यावर आवेदने टोला दिला की, व्यक्तिचित्र म्हणजे काही सॉसेज रंगवणे नव्हे. त्या काळचा संग्राहक मारिएत हा प्रसंग सांगतो, आणि त्यानंतरच शार्दँ मानवाकृतींकडे वळला असेही म्हणतो. कारण एवढेच असेल असे वाटत नाही, मात्र टोला लागला असणार. १७३०च्या दशकात पत्त्यांचा मनोरा रचणारी मुले, भाजी सोलणारी मोलकरीण असे विषय त्याच्या चित्रांत आले. १७४० मध्ये त्याला पंधराव्या लुईसमोर उभे करण्यात आले आणि त्याने राजाला दोन चित्रे अर्पण केली.

तरी काम अतिशय संथ. आयुष्यभरात साधारण दोनशे चित्रे. १७५५ मध्ये तो अकादमीचा कोशाध्यक्ष झाला. सालोन या प्रदर्शनात चित्रे भिंतीवर लावण्याची जबाबदारीही त्याच्याकडेच होती. १७५७ मध्ये राजाने त्याला लूव्रमध्ये राहायला जागा दिली.

समीक्षक दिदरो याने १७६५च्या सालोनविषयी लिहिताना शार्दँचे बोलणे नोंदवले आहे. टीकाकारांनो, जरा सौम्यपणे घ्या, असे तो विनवतो. सात-आठ वर्षांच्या मुलाच्या हाती खडू दिला जातो, वर्षानुवर्षे नकला करण्यात जातात आणि शेवटी बहुतेकांच्या वाट्याला अपयश येते. येथे लाडक्या, मान्यवर चित्रकाराआडून एक बाप बोलत होता.

कारण त्याने आपल्या मुलाला, ज्याँ-पिएरला, उतरंडीच्या माथ्यावर पाठवायचे ठरवले होते. मुलगा इतिहासचित्रकार झाला. १७५४ मध्ये त्याने अकादमीचे पहिले पारितोषिक मिळवले आणि तो रोमला गेला. दरम्यान आईच्या वारशावरून बापलेकांत वितुष्ट आले. १७६२ मध्ये जिनोव्हाजवळ इंग्रज चाच्यांनी त्याला पकडले. सुटका झाली, परंतु पुढे व्हेनिसमध्ये तो मरण पावला. वस्तू रंगवणाऱ्या बापाचे नाव राहिले, इतिहास रंगवणाऱ्या मुलाचे जवळजवळ पुसले गेले.

म्हातारपणी तैलरंगांनी डोळे बिघडवले. शार्दँने पेस्टल हाती घेतले आणि चष्मा लावलेला, डोक्याला फडके गुंडाळलेला स्वतःचा चेहरा रंगवला. यात कोणतीही खुशामत नाही. ६ डिसेंबर १७७९ रोजी लूव्रमधील त्याच घरात त्याचे निधन झाले. त्यानंतर तो अर्धे शतक विस्मृतीत गेला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास समीक्षकांनी त्याला पुन्हा शोधले. तरुण मातिसने लूव्रमध्ये बसून त्याच्या पाकटाची नक्कल केली.

१७६१च्या सालोनमध्ये त्याने रानस्ट्रॉबेरीची टोपली मांडली होती. लाल फळांचा एक शंकू, पाण्याचा पेला, दोन पांढरी फुले, दोन चेरी आणि एक पीच. मार्च २०२२ मध्ये पॅरिसच्या लिलावात या चित्राला २ कोटी ४० लाख युरोंहून अधिक किंमत आली. ते परदेशी जाणार होते. फ्रान्स सरकारने त्याला राष्ट्रीय ठेवा ठरवून निर्यात रोखली, लूव्रने लोकवर्गणी काढली, हजारो सामान्य नागरिकांनी आपापला वाटा दिला आणि २०२४ मध्ये ती टोपली लूव्रच्या संग्रहात आली.