काचेतला समुद्र आणि तिकिटाची खिडकी

आजचा भाग एका काचेच्या पेटीच्या इतिहासाचा. विषय सुचला तो ताईमुळे. ताई आणि भावजी माझ्या भाचीला शाळेत न घालता घरीच शिकवतात. होमस्कूलिंग म्हटलं की लोकांना वाटतं, फी वाचली, मजा आहे. प्रत्यक्षात घर एका पगारावर चालतं आणि प्रयोगशाळेपासून सहलीपर्यंत सगळं स्वतःच्या खिशातून. मागच्या दिवाळीनंतर 'मासे' हा विषय चालू होता, म्हणून तिघं एका खासगी मत्स्यालयात गेले. शाळेच्या सहलींना सवलत होती, पण मुख्याध्यापकांचं पत्र हवं. ताई म्हणाली, "मुख्याध्यापक मीच आहे." खिडकीतला माणूस मनापासून हसला आणि त्याने तीन पूर्ण तिकिटं फाडली.

मला प्रश्न पडला की ही पेटी मुळात कुणासाठी बनली? शोधत गेलो तर गंमत निघाली. तिच्या जन्माच्या गोष्टीत घरी शिकणारं एक मूल अगदी मधोमध उभं आहे.

पण आधी एका बाईची गोष्ट. जान विलप्र-पॉवर, जन्म 1794, फ्रान्समधल्या एका खेड्यातला. व्यवसायाने शिवणकाम करणारी. एका राजकन्येचा लग्नाचा पोशाख शिवला, त्यातून नाव झालं, पुढे जेम्स पॉवर नावाच्या व्यापाऱ्याशी लग्न होऊन ती सिसिलीत मेसिनाला राहायला गेली. तिथे तिला आर्गोनॉटने वेड लावलं. हा ऑक्टोपसचा भाऊबंद, पण पातळ, सुंदर शंखात राहणारा. हा शंख तो स्वतः बनवतो की दुसऱ्याचा ढापतो, यावर तेव्हाचे विद्वान भांडत होते. बाईंनी 1832 मध्ये काचेच्या टाक्या करून घेतल्या, त्यात जिवंत आर्गोनॉट ठेवले आणि शंख तो स्वतःच बनवतो हे दाखवून दिलं. 1838 मध्ये तिचा बराचसा संग्रह जहाजाबरोबर बुडाला. प्रयोगशाळा नाही, पदवी नाही, शिकली ती घरात आणि किनाऱ्यावर. शाळेच्या पुस्तकात मला ही बाई कधीच भेटली नाही.

मग ही पेटी इंग्लंडमध्ये घरोघरी कशी पोचली? थोडं श्रेय करखात्याला आहे! 1845 मध्ये ब्रिटनने काचेवरचा कर उठवला आणि काच स्वस्त झाली. पाच वर्षांनी रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने दाखवलं की टाकीत मासे, पाणवनस्पती आणि गोगलगायी यांचं प्रमाण जमलं की पाणी सारखं बदलावं लागत नाही. वनस्पती ऑक्सिजन देतात, गोगलगायी कुजकट पाला खातात. आमच्या भाषेत सांगायचं तर सिस्टिम स्टेबल झाली. 1853 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात 'फिश हाउस' उघडलं. सोमवारी तिथलं तिकीट सहा पेन्स असे, एरवी एक शिलिंग, म्हणजे बरोबर दुप्पट. स्वस्त वार ही कल्पना तेव्हाही होती.

फिश हाउसच्या मागे ज्याची मेहनत होती तो फिलिप हेन्री गॉस. 1854 मध्ये त्याचं पुस्तक आलं आणि 'अक्वेरियम' हा शब्द रूढ झाला. हा माणूस अत्यंत धार्मिक आणि कडक. घरात गोष्टीच्या पुस्तकांना बंदी! 1857 मध्ये बायको कर्करोगाने गेली आणि तो सात-आठ वर्षांच्या मुलाला, एडमंडला, घेऊन डेव्हनच्या किनाऱ्यावर राहायला गेला. तिथे बाप आणि मुलगा ओहोटीला खडकांतली डबकी धुंडाळत. मुलगा घरीच शिकत होता. वडील तेव्हा समुद्रफुलांवर ग्रंथ लिहीत होते, तर हा पठ्ठ्या वडिलांच्या ग्रंथाची हुबेहूब नक्कल करून स्वतःचे छोटे ग्रंथ लिहायचा, चित्रांसकट. त्यातले काही प्राणी चक्क मनाने रचलेले. ज्या मुलाला परीकथा वाचायची परवानगी नव्हती, त्याने समुद्री प्राण्यांच्या नावाखाली त्या लिहून काढल्या, असं मला तरी वाटतं. आणि नऊ वर्षांचा असताना वडिलांच्या यादीत नसलेलं एक समुद्रफूल त्याने खरोखरच शोधलं.

इथपर्यंत होमस्कूलिंगची जाहिरातच वाटते ना? पुढचं ऐका. गॉसच्या पुस्तकांनी लोकांना वेड लागलं. घरोघरी टाक्या आल्या. बरण्या, जाळी आणि छिन्न्या घेऊन कुटुंबंच्या कुटुंबं किनाऱ्यावर उतरली. एडमंडने मोठेपणी, 1907 मध्ये, आठवणींचं 'फादर अँड सन' हे पुस्तक लिहिलं. त्यात तो सांगतो की ती भरलेली डबकी त्याच्या डोळ्यांदेखत उजाड झाली आणि ज्यांच्या लेखणीमुळे ही झुंबड उडाली त्या वडिलांना याचं फार दुःख झालं. म्हणजे फुकटातला किनारा काही खरा फुकट नव्हता. त्याचं बिल डबक्यांनी भरलं.

म्हणून तिकिटाला सरसकट शिव्या देण्याआधी मी थांबतो. नेपल्समध्ये अँटोन डोर्न या जर्मन शास्त्रज्ञाने 1872 मध्ये संशोधन केंद्राची उभारणी सुरू केली आणि खालच्या मजल्यावर लोकांसाठी मत्स्यालय ठेवलं. हिशोब सरळ होता. खाली लोक तिकीट काढणार, वर संशोधन चालणार. शिवाय प्रयोगशाळेतली टेबलं तो देशोदेशीच्या विद्यापीठांना वार्षिक भाड्याने द्यायचा. सबस्क्रिप्शन मॉडेल, दीडशे वर्षांपूर्वी!

आपल्याकडे मद्रासच्या मरीनावर 1909 मध्ये मत्स्यालय उघडलं. दुसऱ्या महायुद्धात ते बंद पडलं आणि पुन्हा उघडलं नाही. मुंबईला मात्र 1951 पर्यंत वाट पाहावी लागली. मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय. खर्च 8 लाख, त्यातले 2 लाख डी. बी. तारापोरवाला या पारशी दात्याचे, उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते. नवा देश, तिजोरीत खडखडाट, आणि तरी कुणाला तरी वाटलं की चाळीतल्या पोराला जिवंत मासा दिसला पाहिजे, बाजारातल्या पाटीतला नव्हे. चर्नी रोडला उतरायचं, पूल ओलांडायचा, मासे बघायचे, मग समोरच्या कठड्यावर बसून शेंगदाणे. मुंबईतल्या दोन-तीन पिढ्यांची सहल ती हीच.

2015 मध्ये नूतनीकरण होऊन ते पुन्हा उघडलं, 12 फुटी पारदर्शक बोगद्यासकट. तिकीट मोठ्यांना 60, लहानांना 30. आईवडील आणि दोन मुलं मिळून 180 रुपये. मॉलमधल्या एका पॉपकॉर्नच्या डब्याच्या आसपास. या किमतीत शाळेचं पत्र कुणी मागितलं नसतं तरी चाललं असतं. पण करोनाच्या काळात ते बंद झालं आणि मग इमारत धोकादायक ठरून बंदच राहिलं. खासगी मत्स्यालयं चालू आहेत. ती सुंदर आहेत, पण त्यांचं तिकीट बघून एका पगाराचं घर वर्षातून एकदाच जाणार. आणि शिकायला एकदा जाऊन भागत नाही. पहिल्या खेपेला मूल फक्त ओरडतं, दुसऱ्या खेपेला बघतं, प्रश्न तिसऱ्या खेपेला येतात.

मग ताईला मी काय सुचवलं? एक तर रत्नागिरी. झाडगावला कोकण कृषी विद्यापीठाच्या सागरी संशोधन केंद्राचं मत्स्यालय आणि संग्रहालय आहे. तिथला देवमाशाचा 55 फुटी सांगाडा बघून भाची पाच मिनिटं गप्प होती, हा आमच्या घरात विक्रम आहे. डोर्नचीच कल्पना आहे ही, एकीकडे संशोधन आणि त्याच आवारात लोकांसाठी टाक्या, फक्त सरकारी आणि साधी.

आणि दुसरं म्हणजे थेट किनारा. मुंबईत 2017 पासून 'मरीन लाइफ ऑफ मुंबई'च्या लोकांनी ओहोटीच्या वेळी लोकांना किनाऱ्यावर फिरवायला सुरुवात केली. हाजी अली, गिरगाव, जुहू. ज्या पाण्याला आपण गटार म्हणतो, तिथे समुद्रफुलं, स्पंज, खेकडे, छोटे ऑक्टोपस निघाले. कोस्टल रोडच्या कामाआधी वरळी आणि हाजी अलीची प्रवाळं उचलून दुसरीकडे हलवावी लागली, म्हणजे तिथे प्रवाळं होती!

यासाठी लागतं पंचांग. कोकणातला जुना हिशोब असा की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाला भरती आणि बाराच्या सुमाराला ओहोटी. भाचीने यात चूक काढली. पंधरा तिथींत भरती बारा तास सरकते, म्हणजे तिथीमागे 48 मिनिटं, आणि पाऊण तास म्हणजे 45. पौर्णिमेपर्यंत पाऊण तासाचा फरक पडतो. मी म्हटलं, आजोबांना तोंडी करायचं होतं, कॅल्क्युलेटर नव्हता, तीन मिनिटं सोड. ती सोडेना. आता तिने वहीत दोन रकाने पाडलेत, एक पाऊणपटीचा आणि एक स्वतःचा, आणि तिसऱ्यात छापील तक्त्यातली खरी वेळ लिहिते.

किनाऱ्यावर जाताना बरणी न्यायची नाही, हा ताईचा नियम. उलटवलेला दगड होता तसा परत ठेवायचा, कारण खाली राहणाऱ्यांना ऊन सोसत नाही. पौर्णिमा-अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी पाणी सर्वांत खोल ओसरतं, त्यातही दिवसाच्या दोन ओहोट्या सारख्या नसतात, म्हणून निघण्याआधी तक्ता बघाच. पायात जुने बूट घाला, चपला खडकावर घसरतात. पाणी वळायच्या आधी परत फिरा. येत्या द्वितीयेला सकाळी साडेसातच्या आसपास ओहोटी आहे, आम्ही गिरगावला जाणार आहोत.